लाकडी बैल विरुद्ध रानडुक्कर: आमच्या शिवारातल्या जनावरांचा फायटिंग गेम, कामाच्या नोंदी

४ मे २०२५

आज काम सुरू केलं. आणखी कुणाला आपल्या गावात असं काही करायचं असेल तर चुका तरी वाचाव्यात, म्हणून पहिल्या दिवसापासून लिहून ठेवतेय.

आमचं गाव नागभीड तालुक्यात. माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. उन्हाळ्यात दुपारी गिऱ्हाईक नसतं, पण कूलर असतो, म्हणून गावातले आठ-दहा पोट्टे येऊन बसतात. एकाच्या हातात मोबाइल, बाकीच्यांच्या माना त्याच्या खांद्यावर. एक खेळतो, नऊ बघतात. मला दोघांनी शेजारी बसून खेळायचा गेम हवा होता, ज्यात बघणाऱ्यांनाही ओरडता येईल.

मी लहान असताना तालुक्याच्या बसस्टँडजवळ एका टपरीत दोन व्हिडिओ गेमच्या मशिनी होत्या. दादा रुपयाचं नाणं टाकून ‘मुस्तफा’ खेळायचा आणि मी मागे उभी राहून बघायचे. नाणं कधी माझ्या हातात आलं नाही. त्या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. कॅपकॉमने तो १९९३ मध्ये काढला आणि तो मार्क शुल्ट्झच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या कॉमिकवरून केलेला होता, हे मला फार उशिरा कळलं. आपल्याकडे त्यातल्या एका पात्राचं नावच सगळ्या गेमला पडलं. त्या मशिनीपुढची गर्दी मला आमच्या गावात बघायची आहे.

ठरलेलं असं: दोन खेळाडू, एक पडदा, पाच जनावरं. रानडुक्कर, अस्वल, रोही म्हणजे नीलगाय, वानर आणि वाघ. मुदत तान्ह्या पोळ्याची, म्हणजे २३ ऑगस्ट. गेम बनवायचं सॉफ्टवेअर गोडॉट ३.६, फुकट आहे. त्याची चार नंबरची मालिका नवी आहे, पण माझा लॅपटॉप २०१२ चा, ४ जीबी रॅमचा. ३.६ मध्ये जुन्या ग्राफिक्ससाठी जीएलईएस २ ची सोय आहे, म्हणून ती घेतली.

९ मे

चित्रं नंतर. आधी दोन रंगीत ठोकळे पडद्यावर चालवले, उडवले, एकमेकांना मारायला लावले. चार दिवस गेले. एका कीबोर्डवर दोघं बसवले आणि लगेच भांडण लागलं. “ताई, माहा दाबलाच नाई!” “दाबला बे तू उशिरा!” मला वाटलं कोड चुकला. दोन रात्री कोडमध्ये शोधत बसले.

चूक कोडमध्ये नव्हतीच. स्वस्त कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला वेगळी तार नसते. आडव्या-उभ्या तारांची जाळी असते. दोघांनी मिळून चार-पाच बटणं एकदम दाबली की त्यातलं एखादं कीबोर्ड कळवतच नाही. कोणतं गळेल हे बटणांच्या जागेवर ठरतं. मी नागभीडहून ३५० रुपयांचा दुसरा कीबोर्ड आणला. एकाला एक, दुसऱ्याला दुसरा. तेव्हाच सगळी बटणं लागली. ज्याला हे करायचं आहे त्याने पहिल्याच दिवशी दोन कीबोर्ड जोडावेत, माझ्या गेल्या तशा दोन रात्री वाचतील.

१४ मे

अस्वलाचं पहिलं चित्र केलं. कागदावर पेन्सिलीने, मग दुकानाच्या स्कॅनरवर, मग रंग. मी ते दोन पायांवर उभं, मुठी आवळलेलं काढलं होतं. माझ्या डोक्यात टेकन या फायटिंग गेममधलं कुमा अस्वल होतं. टेकन २ मध्ये तर रॉजर नावाच्या कांगारूच्या हातात बॉक्सिंगचे ग्लोव्हजच आहेत. १९९६ च्या ‘सोनिक द फायटर्स’मध्येही प्राणी माणसांसारखेच ठोसे मारतात. म्हटलं, असंच करायचं असतं.

सातवीतला एक मुलगा, ज्याच्या घरच्यांचं वावर जंगलाला लागून आहे, चित्राकडे बघून म्हणाला, “अस्वल असं मारत नाई जी. ते चालते खाली मान घालून, त्याले दिसतच नाई आपण. एकदम जवळ गेलो का मंग दचकून उभं रायते, अन् वरून येते, डोक्यावर.” त्याने उठून करून दाखवलं. खाली वाकून, पाय फेंगडे टाकत चालला, थांबला, मग दोन्ही हात वर करून पंजे खाली ओढले.

मी ते चित्र फाडलं. त्या दिवसापासून नियम केला: एकही मार मी मनाने ठरवायचा नाही. ज्याने ते जनावर पाहिलंय त्याने करून दाखवायचं, दुसऱ्याने फोनवर त्याचा व्हिडिओ काढायचा, मी त्यावरून चित्र काढायचं.

रानडुकरासाठी तिघं भांडले आणि तिघांचंही एकच म्हणणं निघालं: “डुकराले मान वळवता येत नाई. सुटला का सरळ.” म्हणून आमचं रानडुक्कर धाव घेताना मध्ये थांबू शकत नाही. आधी २२ फ्रेम खूर घासतं, मग ३० फ्रेम सरळ सुटतं, आणि चुकलं तर २६ फ्रेम उघडं पडतं. सेकंदाला ६० फ्रेम. तेवढ्यात समोरच्याने काय ते करून घ्यावं.

रोह्याचं नववीतल्या मुलीने सांगितलं. तिने संध्याकाळी धुऱ्यावरून दोन नर भांडताना पाहिले होते. पुढचे गुडघे टेकून, मानेला मान लावून रेटतात. मला हे ठाऊकच नव्हतं. रोह्याचा मोठा मार आता तोच आहे.

१८ मे

वाघ काढून टाकला.

तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू आहे. माणसं पहाटे जंगलात जातात, त्यामुळे दुकानात सकाळी कुणी नसतं. मी एकटी वाघाची धाव काढत बसले होते. आमच्या पोट्ट्यांपैकी एक लवकर आला. चित्र बघितलं, काही बोलला नाही. बराच वेळ पंख्याकडे बघत बसला. मग म्हणाला, “ताई, वाघ नको ठेवू.”

त्याचा आजा मोहफूल वेचायला गेला होता, तीन वर्षांपूर्वी. सगळ्या गावाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. मी यादी करताना तो समोर बसला होता आणि माझ्या लक्षात आलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. मी त्याच्यासमोरच वाघाचा फोल्डर उघडून पुसून टाकला. अकरा चित्रं होती, चार दिवसांचं काम.

पाचवं पात्र कोणतं, हे त्यालाच ठरवायला सांगितलं. दोन दिवसांनी येऊन म्हणाला, “नंदी घे. आपला लाकडाचा.”

तान्ह्या पोळ्याला लहान मुलं लाकडी बैल सजवून नेतात, तो. चाकं असलेला. मुलांना वाटलं मी नाही म्हणेन. मला मात्र त्या क्षणापासून दुसरं काही सुचेना. चाकांवरचा बैल लढेल कसा? त्याला पाय उचलता येत नाहीत, उडता येत नाही, वळताही येत नाही.

२७ मे

अस्वल विरुद्ध वानर, पहिली खरी लढत. अस्वलाने एक पंजा मारला आणि वानराची उरलेला जीव दाखवणारी सगळी पट्टी रिकामी. पाच वेळा तेच.

कारण: पंजा ५ फ्रेम ‘लागू’ असतो आणि मी प्रत्येक फ्रेमला मार मोजत होते. एक पंजा पाचदा लागत होता. उपाय सोपा. मार सुरू झाला की ‘अजून लागलेला नाही’ अशी खूण ठेवायची, एकदा लागला की ती बदलायची आणि पुढच्या फ्रेमला तपासायचंच नाही. अर्ध्या तासाचं काम, शोधायला दीड दिवस.

३ जून

मार दिसतो आधी, लागतो नंतर. फार थोडा फरक, पण पोट्ट्यांना जाणवतो. “लागला का नाई?” असं विचारतात.

मी हिटबॉक्ससाठी, म्हणजे मार लागतो की नाही ते ठरवणाऱ्या चौकटीसाठी, गोडॉटचा एरिया२डी वापरत होते. त्याची ‘आत कोण आहे’ ही यादी दर फिजिक्स टप्प्याला एकदाच ताजी होते. चौकट हलवून त्याच क्षणी विचारलं तर उत्तर जुनंच मिळतं. लढाईच्या गेममध्ये एक फ्रेमही मोठी असते. मी एरिया२डी काढून साधे रेक्ट२ चौकोन ठेवले आणि ते एकमेकांवर येतात का हे स्वतः तपासते. पडद्यावर लाल चौकोन माराचा, निळा अंगाचा, असे काढून दाखवायची सोयही केली. एफ१ दाबलं की दिसतात. ही सोय पहिल्या दिवशी करायला हवी होती.

निळे चौकोन बघून दुसरी अडचण कळली. आमची जनावरं चार पायांवर आहेत, म्हणजे अंग लांब आणि बुटकं. उभ्या माणसासाठी बसवलेल्या उड्या त्यांच्यावरून पार होत नाहीत. वानर डुकरावरून उडी मारताना त्याच्या पाठीवर अडकून बसायचं. चार पायांचेच लढवय्ये असलेला ‘देम्स फायटिन हर्ड्स’ हा गेम २०२० मध्ये पूर्ण स्वरूपात आला. त्याचे व्हिडिओ मी एका रात्रीत कितीतरी बघितले, फक्त उडी कुठून सुरू होते आणि कुठे संपते हे मोजायला. मग आमची उडी दीडपट लांब केली, आणि हवेत असताना दोन अंगांनी एकमेकांना ढकलायचं नाही असं ठरवलं. जमिनीवर येताना मात्र ज्याचा मध्य ज्या बाजूला, त्याने त्या बाजूला सरकायचं.

१२ जून

लाईन गेली. लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे, तो इन्व्हर्टरवर असतो, पण इन्व्हर्टरचा प्लग कुणीतरी मोबाइल चार्जिंगला लावण्यासाठी काढला होता. मी त्याच वेळी सेव्ह करत होते. पुन्हा सुरू केलं तर वानराची मुख्य फाईल शून्य बाइटची. आत काहीच नाही. शेवटची प्रत सहा दिवसांपूर्वीची.

सहा दिवस गेले. रडू आलं, खोटं कशाला लिहू.

आता रोज दुकान बंद करताना अख्खा फोल्डर तारखेच्या नावाने पेनड्राइव्हवर टाकते, आणि पेनड्राइव्ह घरी नेते. इन्व्हर्टरच्या प्लगला चिकटपट्टी गुंडाळून वर लिहिलंय: काढू नये.

२९ जून

शाळा सुरू झाल्या. आता पोट्टे संध्याकाळीच येतात. दुसरीकडे शिष्यवृत्ती आणि दाखल्यांची गर्दी, त्यामुळे दिवसा मला हात लावता येत नाही.

या आठवड्यात डुकराने सगळ्यांना छळलं. आठवीतल्या एकाने शोधून काढलं की समोरच्याला कोपऱ्यात धरून लहान मार मारत राहिलं की तो सुटतच नाही. मार खाल्लेला २० फ्रेम थिजतो, आणि डुक्कर १४ फ्रेममध्ये मोकळं होतं. मोकळ्या जागेत चालायचं, कारण मार खाणारा मागे सरकतो. कोपऱ्यात मागे भिंत. तो मुलगा सलग बारा लढती जिंकला आणि तेराव्याला कुणी बसेना.

दोन गोष्टी केल्या. मार खाणाऱ्याच्या मागे भिंत असेल तर मारणाऱ्यालाच मागे सरकवायचं. आणि एकापाठोपाठ लागलेल्या प्रत्येक माराला थिजण्याचे ३ फ्रेम कमी करायचे, म्हणजे तिसरा मार लागेपर्यंत वाट मोकळी होते.

पण वानराचं वेगळं झालं. थप्पड, थप्पड, मग शेपटी, असे तीन मार सलग लागतात हे एका लहान मुलीने शोधलं. मी तसं बांधलंच नव्हतं. ही माझी चूकच होती. ठेवली. १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ मधले कॉम्बो, म्हणजे असे सलग लागणारे मार, मुळात असेच राहून गेले होते. बनवणाऱ्यांनी ठरवलेले नव्हते. पुढे सगळ्या फायटिंग गेमचा तोच प्राण झाला. ज्या चुकीतून दुसऱ्याला सुटता येतं ती राहू द्यावी, ज्यातून सुटता येत नाही ती काढावी, असं मी माझ्यापुरतं ठरवलं आहे.

६ ते १४ जुलै

रोवणी. पऱ्हे उपटायला आणि रोवायला सगळी घरं बांधीत. मीही. काम शून्य.

१९ जुलै

बैल.

गावच्या वाढईकाकांकडे गेले. दरवर्षी तेच लाकडी बैल करतात. सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःच्या नातवाचा बैल काढून दिला. “ने पोरी. पन पान्यात नको ठेवजो, रंग उखडते.” साधारण चौदा इंच उंच, पांढरा, शिंगं लाल, डाव्या शिंगाचं टोक उडालेलं.

तो मी हाताने काढायचा प्रयत्न केला होता. जमला नाही. चाकं फिरताना लाकडाचा जो जडपणा दिसतो तो पेन्सिलीने येईना. मग आठवलं, १९९४ च्या ‘प्रायमल रेज’मध्ये डायनोसॉर लढतात ते बाहुले जरा जरा हलवून, फोटो काढून केलेले होते. बैल तर माझ्या हातातच होता.

फोन विटांच्या थप्पीवर ठेवला. मागे निळी ताडपत्री. बैल थोडा सरकवायचा, फोटो, पुन्हा सरकवायचा, फोटो. ४० फोटो काढून लॅपटॉपवर लावले तर बैल दर फोटोला कमी-जास्त उजळ. ढग येत-जात होते आणि फोन आपोआप उजेड बदलत होता. शिवाय पांढऱ्या रंगावर ताडपत्रीची निळी झाक. सगळे फेकले.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या आत, शटर पाडून, दोन ट्यूबलाइट. मागे जुनी धुतलेली करडी चादर. फोनवर उजेड आणि फोकस दोन्ही बोट दाबून कुलूपबंद केले. चाकाच्या कडेला खडूने आठ खुणा केल्या, म्हणजे दर फोटोला चाक नेमकं एक खूण फिरवता येतं. हे वाढईकाकांनी सुचवलं. बैल आपल्या दोरीनेच ओढला, हाताने ढकलला नाही, कारण ढकलल्यावर तो डुलतो आणि ओढल्यावर आधी मान पुढे येते, मग धड. ६२ फोटो, एक दुपार. मागची चादर काढून टाकायला तीन रात्री.

त्याची लढाईही चाकांवरूनच ठरली. बैल उडत नाही, बसत नाही. मार खाल्ला की पडत नाही, मागे घरंगळतो. घरंगळताना जोराचं बटण दाबलं की तेवढ्याच वेगाने उलटा पुढे येतो. म्हणजे ज्याने जितकं जोरात मारलं त्याला तितकंच परत. मी हे कागदावर लिहून ठरवलेलं नाही. दोरी ओढताना बैल उताराला लागला आणि माझ्या पायावर आला, तेव्हा कळलं.

बैल उजवीकडे बघतो तेच फोटो उलटे करून डावीकडे वापरले. लगेच एकीने पकडलं: “शिंग बदललं!” उडालेलं टोक दुसऱ्या बाजूला जातं. तिला सांगितलं की स्ट्रीट फायटरमधल्या सॅगटच्या डोळ्यावरची पट्टीही तो वळला की दुसऱ्या डोळ्यावर जाते. तिचं समाधान झालं नाही. वाढईकाकांच्या नातवाने मिटवलं, “माहा बैल आहे, चालते.”

३० जुलै

आता पेटी. कीबोर्डवर गर्दीत खेळता येत नाही. नागपूरला सीताबर्डीतून जॉयस्टिक आणि बटणांचे दोन संच आणले, १,६५० ला एक. यूएसबीचं छोटं सर्किट सोबत येतं, लॅपटॉपला ते साधं गेमपॅड वाटतं. १२ एमएम प्लाय, भोकं पाडायला ३० एमएमचा होल सॉ. वाढईकाकांनी एका सकाळी पेटी उभी केली.

संध्याकाळी बटणं वर उडायला लागली. मी खटकन बसणारी बटणं घेतली होती. त्यांच्या खिट्या पातळ पत्र्यासाठी असतात. जाड लाकडात त्या नुसत्या भोकाच्या भिंतीला टेकतात, आणि पोट्टे हळू दाबत नाहीत, आपटतात. पुन्हा नागपूर. या वेळी खालून नट आवळायची बटणं, ५० ला एक, दहा. त्यांना भोक २८ एमएमचं लागतं आणि माझी पडली होती ३० ची. बटणाची वरची कड भोक झाकते, पण आत बटण डुगडुगतं. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून बटणाच्या गळ्याभोवती एक वेढा दिला आणि नट आवळला. घट्ट बसली, आणि आपटल्याचा आवाजही कमी झाला.

आधी प्लायची जाडी, मग बटणाचा प्रकार, मग भोक. मी नेमकं उलटं केलं.

१० ऑगस्ट

समाजमंदिरातल्या ३२ इंची टीव्हीवर लावून बघितलं. लॅपटॉपवर झकास, टीव्हीवर सगळं जड. बटण दाबल्यावर वानर विचार करून हात उचलतंय असं वाटायचं. फोनच्या १२० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये बटण आणि पडदा एकत्र धरून मोजलं: बोट खाली गेल्यापासून चित्र हलेपर्यंत १४ फ्रेम, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाहून जास्त. टीव्ही चित्र सुंदर करण्यात वेळ घालवतो. सेटिंगमध्ये पिक्चर मोड ‘गेम’ केला. ६ फ्रेमवर आलं. खर्च काही नाही.

तरी लहान मुलं बटण घाईने दाबतात, आधीचा मार संपायच्या आत, आणि ते वाया जातं. म्हणून दाबलेलं बटण गेमचे ५ फ्रेम लक्षात ठेवायची सोय केली. त्यानंतर “माहा दाबलाच नाई” ऐकू आलेलं नाही.

मार लागला की दोन्ही जनावरं ७ फ्रेम जागच्या जागी थांबतात. बाकी काहीही राहिलं तरी चालेल, पण हे ठेवा. हे नव्हतं तोवर अस्वलाचा पंजा कापसासारखा होता.

१९ ऑगस्ट

आवाज. लढत सुरू होताना पडद्यावर काय लिहायचं यावर दोन दिवस वाद. शेवटी “पोळा फुटला!” असं ठरलं, आणि त्याआधी गावातल्या एका आजोबांनी म्हटलेल्या झडतीचा, म्हणजे पोळ्याला म्हणतात त्या गाण्याचा, छोटा तुकडा. त्यांनी एका दमात चार झडत्या म्हटल्या आणि चारही ठेवा म्हणाले. चारही ठेवल्या, दर वेळी वेगळी लागते.

बैलाच्या चाकाचा आवाज सापडेना. दुकानातली फिरती खुर्ची ओढून भरला. काम चालतं.

खर्च आजपर्यंत: कीबोर्ड ३५०, संच ३,३००, नटवाली बटणं ५००, प्लाय ६२०, होल सॉ २८०, वायर-स्क्रू १९०, नागपूरच्या दोन फेऱ्या चहासकट ४०० (एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून), वाढईकाका ५००. एकूण ६,१४०. त्यांना जास्त देत होते, घेतले नाहीत.

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा

सकाळपासून झिमझिम. टीव्ही आणि पेटी समाजमंदिराच्या ओसरीवर. बैलांची रांग लागली, पूजा झाली, पोरं घरोघर बोजारा मागून आली आणि मग तिथून हललीच नाहीत. काहींनी बोजाऱ्याचे पैसे पुढे केले. घेतले नाहीत. एकाही मुलाच्या हातात नाणं आहे की नाही यावर इथे काही ठरणार नव्हतं.

सगळ्यात लहानांचा हात पेटीला पुरेना, त्यांच्यासाठी धानाचं पोतं ठेवलं. अर्ध्या तासात पेटीच्या डाव्या बाजूचं ‘अडव’ बटण बंद पडलं. आतली टोपी तारेवरून निसटली होती. पकडीने दाबून बसवली, वीस मिनिटं गेली. पुढच्या वेळी सगळ्या टोप्या आधीच दाबून घ्यायच्या. लाईन दोनदा गेली, इन्व्हर्टरने धरलं.

गेममध्ये मी मोजणी ठेवली होती. १८७ लढती. बैल १४१ वेळा निवडला गेला, वानर ९६, डुक्कर ७८, अस्वल ३५, रोही २४. रोही फार हळू आहे, त्याचं मला वाईट वाटतं. रेटा लागायला त्याला गुडघे टेकावे लागतात आणि तोवर मार बसतो. त्याला टेकलेल्या गुडघ्यांवर एक मार सोसायची ताकद द्यायची आहे.

ज्याने वाघ नको म्हटलं होतं तो दिवसभर रांग सांभाळत होता. कुणाला दोनदा घुसू दिलं नाही. शेवटी खेळला, बैल घेऊन, तीन वेळा.

दुपारी वाढईकाका आले. नातवाने त्यांना पेटीपुढे बसवलं. समोर दुसरीतली मुलगी, वानर घेऊन. काका थप्पड-थप्पड-शेपटीत हरले. उठताना पडद्याकडे बघत म्हणाले, “चाकाचा आवाज असा नसते. आमचा आस सागाचा आहे, तो कुरकुरते. उद्या ये.”

२६ ऑगस्ट

दोन दिवस पावसाने जाता आलं नाही, आज गेले. काकांनी बैलाच्या आसाला तेल घातलं नव्हतं, मुद्दाम. ओट्यावर शेणाने सारवलेली जमीन, त्यावर बैल उलटसुलट ओढला. मी फोन चाकाला अगदी लावून जमिनीवर पालथी झाले होते. हळू ओढल्यावर एक लांब कुरकुर, जोरात ओढल्यावर तुटक तीन. मागे घरंगळताना आवाज वेगळाच, खाली उतरता. तिन्ही वेगळे भरले. मध्ये कोंबडा आरवला, तो एका ठिकाणी राहिला आहे. काढायला गेले तर कुरकुरही जाते, म्हणून तसाच ठेवला.

खुर्चीचा आवाज पुसला. रात्री बैल चालवून बघितला. काकांचा बैल उद्या परत द्यायचा आहे.